शेजारच्या कारखान्याचे संमतीपत्र कसे वाचावे

गावाजवळच्या कारखान्याचा धूर वाढला, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसू लागली, रात्री डोळे चुरचुरू लागले, की लोक सरकारी कार्यालयात जातात आणि पहिला प्रश्न विचारतात: या कारखान्याला परवानगी आहे का? उत्तर बहुधा ‘आहे’ असेच येते आणि तक्रार तिथेच थांबते. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. हवेच्या बाबतीत आपल्या कायद्याने दिलेली परवानगी सरसकट नसते. माल किती काढायचा, कोणते इंधन किती जाळायचे, धुराड्याची उंची किती ठेवायची, धूर गाळायला कोणते यंत्र बसवायचे, बाहेर पडणाऱ्या वायूत धूळ किती चालेल, हे सगळे आकड्यांत लिहून त्या अटींवर ती दिलेली असते. म्हणून विचारायला हवे ते असे: परवानगीत काय लिहिले आहे, आणि लिहिल्याप्रमाणे रोज घडते का? यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. कागद मिळवावा लागतो, दोन-चार कोष्टके वाचावी लागतात आणि शाळेत शिकलेला गुणाकार करावा लागतो. तो कसा करायचा हे या लेखात सांगतो. शेजारी राहणाऱ्या माणसांनी हा कागद वाचल्याशिवाय ही व्यवस्था नीट चालूच शकत नाही असे मला वाटते, त्याची कारणेही ओघात येतील.

मूळ कायदा १९८१ चा, हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम. त्याच्या कलम २१ नुसार वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्रात राज्य मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय कारखाना उभारता येत नाही आणि चालवताही येत नाही. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. १९७० मध्ये हे मंडळ स्थापन झाले ते पाण्याच्या प्रदूषणासाठी. हवेची जबाबदारी पुढे आली. संमतीचे टप्पे दोन: बांधकामाआधी स्थापनेची संमती आणि उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची संमती. एमआयडीसीत दोन्हींना मिळून नुसते ‘कन्सेंट’ म्हणतात. प्रदूषणाच्या शक्यतेप्रमाणे उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे वर्ग केलेले असतात. लाल वर्गावर अटी सर्वांत कडक, पांढऱ्यावर जवळजवळ नाहीत. मोठ्या प्रकल्पांना याशिवाय केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि जनसुनावणी होते ती त्या मंजुरीसाठी. संमतीपत्र हा वेगळा कागद आहे, तो जनसुनावणीशिवाय निघतो, आणि कारखान्याच्या रोजच्या कारभाराला बांधणारा कागद तोच असतो. ही गल्लत फार होते. जनसुनावणीच्या दिवशी दोनशे माणसे जमतात, पण पुढची वीस वर्षे ज्या अटींवर कारखाना चालणार त्या अटी त्यांतल्या एकानेही वाचलेल्या नसतात.

हा कागद कारखाना आणि मंडळ या दोघांमधला खासगी व्यवहार आहे, अशी समजूत कार्यालयांतही आढळते. कायदा तसे म्हणत नाही. कलम ५१ प्रमाणे मंडळाने संमती दिलेल्यांची नोंदवही ठेवायची असते, प्रत्येक संमतीत घालून दिलेली उत्सर्जनाची मर्यादा तीत नोंदवायची असते, आणि त्या मर्यादेचा ज्याच्याशी संबंध येतो किंवा ज्याच्यावर परिणाम होतो अशा कोणालाही ती नोंदवही कामकाजाच्या वाजवी वेळेत पाहू द्यायची असते. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी शेजाऱ्याला हवाली केलेला हा अधिकार चाळीस वर्षांहून जुना आहे. आता मंडळाच्या संकेतस्थळावरही संमतीपत्रे पाहायला मिळतात. तिथे सापडले नाही तर जिल्ह्याच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. अर्जात ‘प्रदूषणाची सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये. असे अर्ज मोघम म्हणून परत येतात. कारखान्याचे नाव, भूखंड क्रमांक, चालू संमतीपत्राची परिशिष्टांसह प्रत, गेल्या दोन वर्षांतले धुराड्याच्या नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, तपासणी अहवाल, पाठवलेल्या नोटिसा आणि ‘नमुना पाच’मधली वार्षिक पर्यावरण विवरणपत्रे, असे एकेक नाव घेऊन मागावे. शेवटचे विवरणपत्र मोलाचे असते, कारण त्यात कारखान्यानेच मागच्या आर्थिक वर्षातले उत्पादन, कच्चा माल आणि उत्सर्जन लिहून दिलेले असते. ते दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे जायला हवे.

कागद हाती आला की पहिल्या पानापासून वाचत बसण्यापेक्षा आधी उत्पादनांची यादी काढावी. प्रत्येक मालापुढे महिन्याला किंवा वर्षाला किती टन काढता येईल याचा कमाल आकडा असतो. विवरणपत्रातला आकडा त्याच्या शेजारी ठेवला की पहिली फट तिथेच दिसू शकते. मग हवेविषयीचे परिशिष्ट. त्यात एक कोष्टक असते: धुराडे क्रमांक, ते कशाला जोडलेले आहे, धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, उंची मीटरमध्ये, इंधन, त्याचे प्रमाण, त्यातल्या गंधकाची टक्केवारी आणि त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड. या एका कोष्टकात जवळजवळ सगळे आले. समजा बॉयलरपुढे लिहिले आहे: दगडी कोळसा, रोज १० टन, गंधक अर्धा टक्का. दहा टनांत गंधक झाले ५० किलो. गंधक जळले की त्याचे वजनाने दुप्पट सल्फर डायऑक्साइड होते, म्हणजे दिवसाला १०० किलो. कोष्टकातला आकडा याच्याशी जुळला पाहिजे. आता फाटकातून आत जाणाऱ्या कोळशाच्या गाड्यांकडे पाहावे. रोज सरासरी २५ टन कोळसा उतरत असेल तर वायू २५० किलो झाला. वर कोळसा हलका, एक टक्का गंधकाचा असेल तर ५०० किलो. धुराड्याला हात न लावता, रस्त्यावर उभे राहून केलेला हा हिशोब आहे, आणि मंडळाच्या अधिकाऱ्याला तो झटकून टाकता येत नाही, कारण इंधनाचे प्रमाण ही अटच आहे. कारखान्याने इंधन बदलले तरी हेच लागू. फर्नेस ऑइलसाठी संमती आणि भट्टीत रबराचे किंवा प्लास्टिकचे तुकडे, हा अटीचा सरळ भंग आहे. धूर किती निघाला हा प्रश्न त्यानंतरचा.

धुराड्याची उंची कशी ठरते हेही जाणून घ्यावे, कारण उंच धुराडे दाखवून लोकांना गप्प केले जाते. सूत्र सोपे आहे: ताशी जितके किलो सल्फर डायऑक्साइड निघते त्या आकड्याचा ०.३ वा घात काढायचा आणि त्याला १४ ने गुणायचे. उत्तर मीटरमध्ये येते. ताशी १० किलोला सुमारे २८ मीटर, ताशी ४० किलोला सुमारे ४२ मीटर. म्हणजे वायू चौपट झाला तरी उंची दीडपटच वाढते. उंची वाढल्याने वायू कणभरही कमी होत नाही. तो लांब पसरतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत विरळ होतो, एवढेच. पायथ्याच्या वस्तीला त्याचा फायदा होतो हे खरे, आणि सूत्र त्यासाठीच आहे. पण धूर अडवण्याचे काम बॅग फिल्टर, सायक्लोन, स्क्रबर, इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर यांसारखी यंत्रेच करतात. कोष्टकातला यंत्रणेचा रकाना म्हणून उंचीपेक्षा महत्त्वाचा. नुसता सायक्लोन असेल तर जाड धूळ खाली पडते, फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ बरीचशी निसटते. बॅग फिल्टर तीही धरतो. बारीक कोळशाची धूळ किंवा भट्टीचा धूर आहे आणि यंत्रणेच्या रकान्यात फक्त सायक्लोन आहे असे दिसले, तर अट पाळली जाते का याहून मोठा प्रश्न उभा राहतो: ही अट पुरेशी आहे का?

पुढचा आकडा मर्यादेचा. धुळीची सर्वसाधारण मर्यादा दर प्रमाणित घनमीटर वायूमागे १५० मिलिग्रॅम आहे. काही उद्योगांना ती वेगळी असते. हा आकडा वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, तो धुराड्याच्या आतला आहे. आपण श्वास घेतो त्या हवेचे मानक वेगळे आहे, ते २००९ च्या राष्ट्रीय मानकांत आहे आणि मायक्रोग्रॅममध्ये मोजतात: १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी चोवीस तासांची सरासरी १००, अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ६०. दोन्हींची सरमिसळ झाली की तक्रार हास्यास्पद ठरवली जाते. दुसरी गोष्ट, मिलिग्रॅमची मर्यादा हे फक्त प्रमाण आहे, आणि प्रमाण खाली आणायचे तर धूळ कमी करण्याऐवजी स्वच्छ हवा मिसळली तरी चालते. दुधात पाणी घातल्यावर दर लिटरमागची साय कमी होते तसेच हे. म्हणून बॉयलरच्या धुराचा आकडा बारा टक्के कार्बन डायऑक्साइड धरून दुरुस्त करायचा नियम आहे. धुरात हा वायू सहाच टक्के आढळला आणि धूळ १०० मिलिग्रॅम भरली, तर दुरुस्त आकडा २०० होतो. अहवालात कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी दिली आहे का आणि दुरुस्ती केली आहे का, हे पाहणे सामान्य वाचकालाही जमते.

नमुना घेतात कसा, तेही एकदा समजून घेण्यासारखे आहे. धुराड्याला ठरावीक उंचीवर भोक ठेवलेले असते, तिथवर जायला शिडी आणि उभे राहायला मजबूत फलाट असावा लागतो. माणूस वर चढतो, नळी आत घालतो, धूर ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने तो ओढून घेतो, आणि आधी वजन केलेल्या गाळणीवर जमलेली धूळ प्रयोगशाळेत पुन्हा वजन करून काढतात. हे काम उन्हापावसात तासभर चालते. शिडी गंजलेली, फलाट मोडका, भोक वेल्डिंगने बंद केलेले, असे असेल तर त्या धुराड्याचा नमुना घेतलाच गेलेला नाही, मग अहवाल काही का म्हणेना. शिडी आणि फलाट बाहेरून, रस्त्यावरूनही दिसतात. कायदेशीर कारवाईसाठी मंडळाने घेतलेल्या नमुन्याची पद्धत कलम २६ मध्ये आहे: कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, सीलबंद करून सह्या घ्यायच्या. ही पद्धत चुकली तर तो अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. त्यामुळे आपल्या गच्चीवरच्या छोट्या यंत्राचे किंवा मोबाइलमधल्या ॲपचे आकडे खटल्यात निर्णायक ठरणार नाहीत. अधिकाऱ्याने केव्हा यावे हे सांगायला मात्र ते उपयोगी आहेत.

‘मंडळ तपासते, खासगी प्रयोगशाळा तपासतात, मग शेजाऱ्यांनी लुडबूड का करावी?’ हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या गुजरातेत मिळाले आहे. तिथे कारखान्यांना पर्यावरण लेखापरीक्षण करून घ्यावे लागे आणि लेखापरीक्षक कारखानाच निवडत असे, पैसेही कारखानाच देत असे. एस्थर ड्युफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात मंडळाबरोबर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत परीक्षकांच्या अहवालांत धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. स्वतंत्रपणे मोजल्यावर ते ५९ टक्के निघाले. अहवालांतले आकडे मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने जमलेले होते. मग काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठी काढल्यासारखा नेमून दिला, त्याचे पैसे सामाईक निधीतून दिले, त्याच्या मोजमापाची फेरतपासणी केली. अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. यातून वाचकाने उचलायची युक्ती अशी: एखाद्या धुराड्याचे सलग आठ-दहा अहवाल समोर ठेवावेत. खरा धूर कोळसा, भार, ऋतू यांप्रमाणे खालीवर होतो. दर वेळी १३८, १४२, १४५ असेच आकडे येत असतील, किंवा दोन वेगवेगळ्या धुराड्यांचे आकडे अगदी सारखे असतील, तर मंडळाने स्वतः अचानक नमुना घ्यावा अशी लेखी मागणी करायला तेवढे कारण पुरे आहे.

तपासण्या वाढवल्या की सगळे सुधारेल, असेही नाही. याच संशोधकांच्या गटाने गुजरातेत दुसरा प्रयोग केला. काही कारखान्यांच्या तपासण्या दुप्पट केल्या, तरी सरासरी उत्सर्जनात फारसा फरक पडला नाही. वाढीव फेऱ्या सरसकट वाटल्या गेल्या होत्या, आणि सर्वांत जास्त घाण करणारे थोडे कारखाने एरवी अधिकाऱ्यांच्या अनुभवावरूनच सापडत होते. माझ्या युक्तिवादाचा गाभा इथे आहे. मंडळाकडे माणसे थोडी आणि कारखाने हजारो. फेरी कुठे मारावी, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे कळणे फेऱ्यांच्या संख्येपेक्षा मोलाचे असते. हे ज्ञान शेजाऱ्याजवळ असते. रात्री एक ते चार धूर काळा होतो, वीज गेली की बॅग फिल्टरचा आवाज थांबतो पण भट्टी चालूच राहते, शनिवारी संध्याकाळी वास येतो, हे त्याला ठाऊक असते. मंडळाच्या संमतीपत्रांतल्या सर्वसाधारण अटींत साधारणपणे दोन अटी असतात: प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला स्वतंत्र वीजमीटर हवा, आणि वीज गेल्यास त्या यंत्रणेसाठी पर्यायी वीज हवी, ती नसेल तर उत्पादन कमी करायचे किंवा थांबवायचे. बॅग फिल्टरमधून धूर ओढणारा पंखा भरपूर वीज खातो. तो रात्री बंद ठेवण्याचा मोह त्यामुळेच होतो. तपासणीत त्या मीटरची नोंदवही पाहावी आणि महिन्याचे युनिट उत्पादनाशी जुळवावेत, एवढी एक मागणी तक्रारीत घातली तर ती दहा संतप्त पत्रांपेक्षा जास्त काम करते.

सिमेंट, औष्णिक वीज, साखर, आसवन्या, रंगद्रव्ये, औषधे अशा सतरा प्रकारच्या जास्त प्रदूषणकारी उद्योगांना केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसवायला सांगितली. आता यंत्रच सगळे सांगेल, असे त्यानंतर म्हटले जाऊ लागले. यंत्र चांगलेच आहे. सुरतेत २०१९ पासून अशाच यंत्रांच्या आधारे धुळीच्या एकूण वजनावर मर्यादा घालून उत्सर्जन-परवान्यांचा बाजार चालवला गेला आणि त्यात धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे संशोधनातून पुढे आले. पण यंत्राचे अंशशोधन केव्हा झाले आणि आकडे कोरे राहिले त्या तासांत काय चालले होते, हे विचारणारा कोणी लागतोच. महाराष्ट्र मंडळानेही जून २०१७ मध्ये धुराड्यांच्या नमुन्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली होती, ती याच विचाराने: आकडा लोकांसमोर आला की त्याला वजन येते. घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांनी रसायने, सांडपाणी आणि वायू यांची माहिती मुख्य फाटकाबाहेर फलकावर लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितले आहे. फाटकावर फलक आहे का आणि त्यावरची तारीख कधीची आहे, हे येता-जाता बघून होते.

संमतीपत्राचे दोन दोष मात्र वाचकाने आधीच ओळखून असावेत. पहिला असा की त्याचे लक्ष धुराड्यावर असते आणि पुष्कळ धूळ व वाफ धुराड्यात शिरतच नाही. उघडे ढीग, फाटके पत्रे, टाक्यांची झाकणे, टँकर भरताना उडणारी बाष्पे, कच्चे रस्ते यांतून ती सुटते. मुंबईत माहुल-आंबापाडा भागातल्या रहिवाशांची हरित न्यायाधिकरणापुढची लढाई अशाच टाक्यांतून आणि भरणीतून सुटणाऱ्या सेंद्रिय बाष्पांविरुद्ध होती. खडीक्रशरच्या बाबतीत नियमच धुराड्याऐवजी यंत्राजवळची हवा मोजतो: यंत्रापासून ३ ते १० मीटरवर तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. क्रशरशेजारच्या शेतकऱ्याने पाण्याचे फवारे, पत्र्याची आच्छादने आणि वाऱ्याला आडोसा देणारी भिंत या अटी आधी शोधाव्यात.

दुसरा दोष अधिक खोल आहे. संमती एकेका कारखान्याला मिळते, हवा मात्र सामाईक असते. एका धुराड्यातून ताशी २०,००० घनमीटर वायू जातो आणि त्यात बरोबर १५० मिलिग्रॅमच धूळ आहे असे धरा. ताशी ३ किलो, दिवसाला ७२ किलो. हा कारखाना पूर्णपणे कायद्यात बसतो. अशी पन्नास धुराडी एका वसाहतीत आली तर रोजची धूळ ३,६०० किलो, तीही प्रत्येकाने अट पाळल्यावर. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा ७० च्या वरच्या क्षेत्रांना अतिप्रदूषित ठरवले. त्यात चंद्रपूर ८३.८८ वर होते. डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूरही यादीत होते. कारखाने संमतीने चालत असूनही क्षेत्र अतिप्रदूषित ठरते ते असे. जानेवारी २०१० मध्ये केंद्राने अशा क्षेत्रांतल्या नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या काही काळ थांबवल्या, म्हणजे एकेका कारखान्यापलीकडे जाऊन बेरीज पाहण्याची गरज सरकारनेही मान्य केली. नागरिकांना हीच बेरीज करता येते. वसाहतीतल्या दहा मोठ्या बॉयलरांची संमतीपत्रे गोळा करून कोळसा आणि सल्फर डायऑक्साइडचे रकाने एकाखाली एक मांडावेत. ग्रामपंचायतीच्या ठरावाला असे कोष्टक जोडलेले असले की चर्चेचा सूर बदलतो.

तक्रार लिहिताना भाषणाचा मोह टाळावा. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, छायाचित्र, आणि संमतीपत्रातल्या कोणत्या परिशिष्टातली कोणत्या क्रमांकाची अट मोडली जाते, एवढे असावे. धूर होतो असे म्हटल्यावर उत्तर येते ‘पाहणी केली, धूर आढळला नाही’. अट क्रमांक अमुकप्रमाणे इंधन रोज १० टन, प्रत्यक्षात २५ टन, असे लिहिल्यावर अधिकाऱ्याला आकड्याचे उत्तर आकड्याने द्यावे लागते. मंडळाच्या हाती साधने आहेत. कारखान्याने दिलेली बँक हमी जप्त करता येते. ती किती रकमेची आणि कोणत्या अटीसाठी आहे हे संमतीपत्राच्याच परिशिष्टात असते. कलम ३१ क खाली बंदचे आदेश देता येतात, वीज-पाणी तोडता येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मंडळांना पर्यावरणाच्या हानीची भरपाई वसूल करण्याचा अधिकार असल्याचेही स्पष्ट केले. एक बदल लक्षात ठेवावा. पूर्वी या कायद्याखाली दीड ते सहा वर्षांच्या कैदेची तरतूद होती. जनविश्वास कायद्यातल्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे. हा बदल मला चिंतेचा वाटतो. वर्षाला काही कोटींचा कोळसा जाळणाऱ्याला १५ लाख हा खर्चाचा एक रकाना वाटू शकतो, म्हणून बंदचे आदेश आणि भरपाई यांवर आता जास्त भर द्यावा लागेल. मंडळ हललेच नाही तर हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. तिथे वाद नेण्याची मुदत कारण घडल्यापासून सहा महिने असते, आणि ती पत्रव्यवहारात सहज निघून जाते.

‘यामुळे कारखाने जातील, पोरांच्या नोकऱ्या जातील’ हे गावागावात ऐकू येते आणि ते म्हणणाऱ्याची भीती खरी असते. तिला उत्तर दिले पाहिजे. संमतीपत्रातले इंधन, उत्पादन, यंत्रणा हे सगळे कारखान्याने स्वतःच्या अर्जात लिहून दिलेले असते. कोष्टकाची सुरुवातच ‘तुमच्या अर्जानुसार’ अशा अर्थाच्या वाक्याने होते. शेजारी नवी अट लादत नाही, कबूल केलेले पाळा म्हणतो. शिवाय फिल्टर रात्रंदिवस चालवणाऱ्या प्रामाणिक उद्योजकाचा माल, फिल्टर बंद ठेवणाऱ्याच्या मालापुढे महाग पडतो. अटी सगळ्यांना सारख्या लागू झाल्या तर पहिला फायदा त्याचाच. आणि धुराड्याखाली सर्वांत जास्त धूळ गिळतो तो कामगार असतो.

‘मोठ्यांना नियमच बदलून मिळतात’ हा आक्षेप मला नाकारता येत नाही. औष्णिक वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये कडक मर्यादा आल्या, मुदत दोन वर्षांची होती, ती पुनःपुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतूनच सूट मिळाली. मर्यादा किती असावी हे दिल्लीत ठरते आणि त्यासाठीची लढाई राजकीय आहे. संमतीपत्र वाचून ती जिंकता येणार नाही. पण त्या सुटीतही धुळीची मर्यादा उठलेली नाही, आणि ती पाळली जाते की नाही हे चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या माणसाने विचारायचे थांबवण्याचे काही कारण नाही.

शेवटी वेळेविषयी. सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो कारखाना विस्तारासाठी, नव्या उत्पादनासाठी किंवा इंधन बदलण्यासाठी मंडळाकडे जातो तेव्हा, आणि ज्या संमतीपत्रावर मुदत आहे ते नूतनीकरणाला येते तेव्हा. अर्ज आल्यापासून चार महिन्यांत मंडळाने लेखी निर्णय द्यायचा असतो, आणि अटी पाळल्या नसतील तर कारखान्याला बाजू मांडू देऊन पुढची संमती नाकारता येते किंवा असलेली रद्द करता येते. शेजाऱ्यांनी त्या चार महिन्यांच्या आत उपप्रादेशिक अधिकारी आणि प्रादेशिक अधिकारी दोघांना निवेदन द्यावे. सोबत जुन्या संमतीपत्रातल्या अटी आणि प्रत्यक्ष स्थिती यांचे दोन रकान्यांचे कोष्टक, विवरणपत्रातले आकडे, आधीच्या तक्रारींची यादी, आणि नव्या संमतीत कोणत्या अटी घालाव्यात याची नेमकी मागणी जोडावी: सायक्लोनऐवजी बॅग फिल्टर, दिवसाच्या एकूण धुळीवर किलोत मर्यादा, मंडळाने चिठ्ठीने निवडलेल्या प्रयोगशाळेकडून नमुने, वाढीव बँक हमी. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा; पुढे पुण्याला जायची वेळ आली तर सहा महिन्यांचा हिशोब मांडताना तो शिक्का लागतो.